नॉर्मल डोळा, पण कोणाचा? ऑप्टोमेट्रीत नवीन आलेल्यांसाठी माझा अनुभव

बी.ऑप्टॉम.च्या, म्हणजे डोळे तपासायच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला, म्हणजे इंटर्नशिपला निघालेली मुलंमुली बरेचदा विचारतात की ताई, परदेशात शिकायला किंवा काम करायला गेलं तर सगळ्यात जड काय जातं. त्यांना वाटतं मी इंग्रजी म्हणेन, नाहीतर थंडी. मला सगळ्यात जड गेलं ते निरोगी डोळा ओळखणं. आजार ओळखायला कॉलेजात चार वर्षं घासूनपुसून शिकवतात, पण निरोगी डोळा एकाच साच्याचा नसतो, माणूस कुठल्या वंशाचा, कुठल्या मुलखातला, कसा वाढलेला यावर त्याची मापं आणि त्याचं दिसणं बदलतं, हे आम्हाला दोन ओळीत सांगून पुढचं चॅप्टर सुरू झालं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मूळची वर्ध्याची. इंटर्नशिपमध्ये नागपूरच्या आसपासच्या गावांत कॅम्प असायचे. एका कॅम्पला मला पॅकीमीटर हातात दिला, म्हणजे कॉर्नियाची, डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या थराची, जाडी मोजायचं यंत्र, पेनासारखा प्रोब असतो, आधी डोळा सुन्न करणारा ड्रॉप टाकायचा आणि मग प्रोब बुबुळाच्या बरोबर मध्यावर अलगद टेकवायचा, वाकडा टेकला की रीडिंग चुकतं. पहिलीच आजी बसली आणि म्हणाली, "काय वं पोरी, माह्या डोयाले काई होनार तं नाई ना?" मी म्हटलं काही नाही होत आजी, समोर भिंतीकडे बघा. रीडिंग आलं ५०८. पुढच्या काकांचं ५१९. मग ४९६. मग ५२२. माझ्या डोक्यात पुस्तकातला आकडा पक्का बसलेला, ५४० ते ५५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नॉर्मल, त्यामुळे मला वाटलं यंत्र बिघडलंय किंवा माझा हात चुकतोय. कॅलिब्रेशन करून पुन्हा मोजलं, तेच. सरांना सांगितलं तर ते म्हणाले यंत्र ठीक आहे, तू शंभर जणांचं मोज मग बोलू.

नंतर कळलं की नागपूर जिल्ह्यातल्याच खेड्यांमध्ये २००६ ते २००८ मध्ये सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी नावाचा मोठा अभ्यास झालाय, तीस वर्षांवरच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचा, आणि त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आली. म्हणजे माझ्या आजीचं ५०८ अगदी तिच्या गावाला साजेसंच होतं. त्याच अभ्यासात डोळ्याची लांबी, म्हणजे समोरून मागपर्यंतची अॅक्सियल लेंग्थ, सरासरी २२.६ मिलिमीटर, जेव्हा की पाश्चात्त्य पुस्तकं साडेतेवीसच्या पुढचा आकडा देतात. माणसाची उंची कमी तर डोळाही थोडा छोटा, हा संबंध त्यातही दिसला. एक मिलिमीटर म्हणजे किती ते ज्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची मोजमापं, केलीय त्यांना माहीत आहे, लांबी एक मिलिमीटरने चुकली तर लेन्सचा नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. म्हणून "सरासरी डोळा असा असतो" असं धरून चालायचंच नाही, मोजायचं.

पातळ कॉर्नियाने बिघडतं काय, तर प्रेशरचं रीडिंग. आपण ज्या गोल्डमन टोनोमीटरने डोळ्याचं प्रेशर घेतो तो गोल्डमन आणि श्मिट यांनी १९५७ मध्ये मांडला, आणि त्यात कॉर्निया साधारण ५२० मायक्रॉनचा धरलेला आहे. कॉर्निया याहून बराच पातळ असेल तर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, जाड असेल तर जास्त. अमेरिकेत ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी झाला, १६३६ पेशंट, सगळ्यांचं प्रेशर वाढलेलं पण काचबिंदू नाही असे. त्यात आफ्रिकन अमेरिकन लोकांचा कॉर्निया बाकीच्यांपेक्षा सरासरी २३-२४ मायक्रॉनने पातळ निघाला. आता हे नीट वाचा, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे. सुरुवातीच्या हिशोबात आफ्रिकन वंश हा काचबिंदूचा धोका वाढवणारा घटक दिसत होता, पण कॉर्नियाची जाडी आणि डिस्कमधला कप (डिस्क म्हणजे डोळ्याची नस मागच्या पडद्यातून बाहेर पडते ती गोल जागा, कप म्हणजे तिच्या मधली पोकळी) हे दोन्ही हिशोबात घेतले तेव्हा वंशाचा वेगळा असा परिणाम उरला नाही. कॉर्निया ४० मायक्रॉनने पातळ असला की धोका साधारण ७१ टक्क्यांनी वाढतो, मग माणूस कोणत्याही रंगाचा असो. २००२ मध्ये हे निकाल आले. मी एमएस्सीला असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. म्हणजे फॉर्मवरचा वंशाचा रकाना हा बरेचदा न घेतलेल्या मापांच्या जागी भरलेला असतो, मापं घेतली की रकान्याची गरज कमी होते.

एक मात्र नक्की सांगते, पॅकीमेट्रीचं रीडिंग घेऊन तक्त्यातून प्रेशरमध्ये चार मिलिमीटर मिळव, तीन वजा कर असली बेरीज-वजाबाकी करत बसू नका. एकेका पेशंटसाठी ते तक्ते भरवशाचे नाहीत. पातळ, मध्यम, जाड एवढं लिहा आणि डिस्क बघा.

आता डिस्क. लंडनला आले, एमएस्सी झाली, आणि मला एका आय क्लिनिकमध्ये इमेजिंगचं काम मिळालं, दिवसभर ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, आणि फंडसचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाचे, फोटो. वेटिंग रूममध्ये नायजेरियाचे, जमैकाचे, बांगलादेशचे, पोलंडचे, सोमालियाचे, आपले गुजराती, सगळे शेजारी शेजारी बसलेले, असा वर्ग कुठल्याच कॉलेजात मिळणार नाही. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आले, मूळचे नायजेरियन, चष्म्याच्या दुकानातून "काचबिंदूचा संशय" म्हणून पाठवलेले. ओसीटीच्या प्रिंटवर दोन्ही डोळ्यांना लाल पट्टा, कप-डिस्क रेशो, म्हणजे डिस्कच्या तुलनेत कप केवढा ते, ०.७. ते घाबरलेले होते, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलेले, त्यांचे वडील शेवटी आंधळे झाले होते म्हणे. मी मनात काचबिंदू लिहूनही टाकला होता. सिनियरने प्रिंट बघितली आणि एकच प्रश्न विचारला, डिस्क केवढी आहे ते मोजलंस का?

नव्हतं मोजलं. मोजणं अगदी सोपं आहे, सगळ्यांनी पहिल्या आठवड्यात शिकून घ्या. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, ७८ किंवा ९० डायॉप्टरची लेन्स धरायची, प्रकाशाची पट्टी बारीक करायची आणि तिची उंची कमी करत करत डिस्कच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत बरोबर बसवायची, मग स्लिट लॅम्पच्या पट्टीवर आकडा वाचायचा. ७८ ची लेन्स असेल तर आकड्याला १.१ ने गुणा, ९० ची असेल तर १.३ ने, ६६ ची असेल तर गुणायला लागत नाही. दीड मिलिमीटरच्या आत आलं तर छोटी डिस्क, २.२ च्या वर गेली तर मोठी. या गृहस्थांची अडीचच्या पुढे होती. मोठ्या डिस्कमध्ये कपही मोठा असतोच, कारण नसांचे तंतू साधारण तेवढेच असतात आणि ते मोठ्या गोलाच्या कडेने पसरून बसतात, मधली पोकळी मोठी राहते. मोठ्या वाटीत मूठभर तांदूळ कडेकडेने लावले तर मधे जागा राहणारच ना. आफ्रिकन वंशाच्या लोकांची डिस्क सरासरीने मोठी असते हे बाल्टिमोर आय सर्व्हेमध्येही मोजून दाखवलंय, गोऱ्या लोकांच्या २.६३ चौरस मिलिमीटरला त्यांची २.९४. आणि भारतीयांचीही डिस्क बारकी नसते, वेल्लोरच्या अभ्यासात सरासरी अडीच चौरस मिलिमीटरच्या थोडी वरच होती.

त्या गृहस्थांच्या डिस्कचा काठ चारही बाजूंनी जाड, गुलाबी, कुठे खाच नाही, फील्ड टेस्ट, म्हणजे कडेकडेचं किती दिसतं ती तपासणी, स्वच्छ. त्यांना तसं सांगितलं, पण सोडून दिलं नाही, कारण त्याच बाल्टिमोरच्या सर्व्हेत कृष्णवर्णीयांमध्ये काचबिंदूचं प्रमाण गोऱ्यांच्या चार-पाच पट होतं आणि त्यांच्या घरात इतिहास होता. दरवर्षी फोटो, दरवर्षी फील्ड, असं ठरलं. मोठी डिस्क आहे म्हणून बिनधास्त राहायचं नाही आणि मोठा कप आहे म्हणून लगेच ड्रॉप्स सुरू करायचे नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच पेशंटमध्ये सांभाळायच्या असतात.

ओसीटीच्या लाल रंगाबद्दल थोडं. लाल म्हणजे आजार नाही. लाल म्हणजे यंत्रात साठवलेल्या निरोगी लोकांपैकी सगळ्यात पातळ एक टक्क्यात हे माप बसतं, पिवळा म्हणजे एक ते पाच टक्क्यांमध्ये. आता हे "निरोगी लोक" कोण, हा प्रश्न प्रत्येक यंत्राला विचारा. हे डेटाबेस काही शे माणसांचे असतात आणि त्यात आपल्यासारखे भारतीय जवळजवळ नसतातच. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर लिहिलेलं असतं किती जण, कोणत्या वयाचे, कोणत्या वंशाचे, किती नंबरपर्यंतचे. मी प्रत्येक नवीन यंत्राचं ते पान पहिल्याच दिवशी वाचते, तुम्हीही वाचा, अर्धा तास लागतो. पडद्याच्या मधल्या भागाचंही तेच, आफ्रिकन वंशाच्या लोकांत फोविआचा, म्हणजे ज्या जागेने सगळ्यात बारीक दिसतं तिचा, मध्य सरासरीने पातळ असतो, तिथे यंत्र पिवळं-लाल दाखवतं आणि नवीन मुलं घाबरून जातात.

डोळ्याचा रंग हा विषय आपल्याकडे फक्त घाऱ्या डोळ्यांच्या कौतुकापुरता येतो. तिकडे रोजचं काम त्याच्यावर चालतं. निळे, घारे, तपकिरी, काळेभोर, सगळ्यांच्या बुबुळात रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते, फरक असतो तो त्यांच्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आणि कोणतं याचा. निळ्या डोळ्यात निळा रंग असा नसतोच, मेलॅनिन कमी म्हणून प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं. याचा थेट परिणाम ड्रॉप्सवर होतो, कारण मेलॅनिन औषध धरून ठेवतं. नागपूरला आम्ही बाहुली मोठी करायला ०.८ टक्के ट्रॉपिकामाइड आणि ५ टक्के फेनिलेफ्रिन एकत्र असलेले ड्रॉप्स टाकायचो, तेही दोनतीनदा, आणि पेशंटला चहा पिऊन यायला सांगायचो. लंडनला एका निळ्या डोळ्यांच्या आजींना मी सवयीने १ टक्का ट्रॉपिकामाइड दोनदा टाकलं, पंधरा मिनिटांत बाहुली ताटलीएवढी, आणि त्या संध्याकाळपर्यंत उजेडाने हैराण. त्यांच्यासाठी अर्धा टक्का, एक थेंब पुरला असता. आणि शेजारच्याच खुर्चीतल्या काळ्याभोर डोळ्यांच्या माणसाला चाळीस मिनिटं झाली तरी बाहुली अर्धवट. त्यामुळे सकाळी यादी हातात आली की गडद डोळ्यांच्या पेशंटना आधी ड्रॉप्स टाकायचे, हे मी नंतर सगळ्या नवीन लोकांना सांगायला लागले. हलक्या रंगाच्या डोळ्यांत बुबुळातून आणि डोळ्याच्या भिंतीतूनही थोडा प्रकाश आत झिरपतो, त्यामुळे आतल्या आत प्रकाश जास्त विखुरतो आणि समोरच्या गाडीच्या दिव्यांचा त्रास त्यांना जास्त होतो. ती तक्रार नाटक समजू नका.

आतला पडदासुद्धा वेगळा दिसतो. मी भारतात हजारेक फंडस बघितले असतील, सगळे गडद, विटकरी लाल, एकसारखे. लंडनमध्ये लाल केसांची, अगदी गोरी आयरिश मुलगी आली, फोटो काढला तर पडदा फिकट नारंगी-पिवळा आणि मागच्या कोरॉइडच्या, म्हणजे पडद्यामागच्या थराच्या, रक्तवाहिन्या लख्ख दिसतायत, उन्हाळ्यात आटलेल्या नदीत धारा फुटलेल्या दिसतात ना तशा. मला वाटलं पडदा झिजलाय, हृदय धडधडायला लागलं. तर तिची नजर ६/५, सगळं ठणठणीत. पडद्याच्या रंगद्रव्याच्या थरात मेलॅनिन सगळ्या वंशांत फार वेगळं नसतं, खरा फरक त्याच्या मागच्या कोरॉइडमध्ये असतो, तिच्याकडे तिथे मेलॅनिन कमी म्हणून मागचं सगळं उघडं दिसत होतं.

उलटी गोष्टही घडली. छोट्या इंग्लिश गावात वाढलेली माझी एक सहकारी, हुशार, मनापासून काम करणारी, तिने एका घानाच्या बाईंना तातडीने कॅन्सरच्या तपासणीला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली, कारण बुबुळाच्या कडेने पांढऱ्या भागावर तपकिरी डाग होते. मी वाकून बघितलं तर आपल्याकडे दर तिसऱ्या-चौथ्या पेशंटला दिसतात तसलेच, दोन्ही डोळ्यांना, सपाट, कडेला गडद आणि लांब जाताना विरळ. सावळ्या-काळ्या लोकांत हे नैसर्गिक असतं. पण एकाच डोळ्याला असेल, नवीन असेल, वाढत असेल, उंचवटा असेल किंवा त्याला रक्तवाहिनी येऊन मिळत असेल, आणि विशेषतः गोऱ्या माणसाला असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका, पाठवा. तिला हे माहीत नव्हतं आणि मला आयरिश मुलीचा पडदा माहीत नव्हता. दोघीही ज्या लोकांत वाढलो त्यांचेच डोळे आमच्यासाठी नॉर्मल होते.

डोळ्यांचा बाहेरचा भाग मी पटकन सांगते. चिनी, कोरियन लोकांत बऱ्याच जणांच्या वरच्या पापणीला घडी नसते, लहान मुलांत खालच्या पापणीचे केस बुबुळाला घासतात, पुष्कळदा वाढत्या वयात आपोआप सुटतं. नाकाचा पूल चपटा असेल तर युरोपच्या हिशोबाने बनवलेली फ्रेम गालावर घसरते आणि मग प्रोग्रेसिव्हचा (दूर-जवळ एकाच काचेतला) चष्मा कितीही महाग घ्या, चालत नाही, अशांना नोज पॅड ॲडजस्ट होणारी फ्रेम द्या. डोळा किती पुढे आहे ते हर्टेल नावाच्या मापकाने मोजतो तेव्हा गोऱ्या पुरुषांत साधारण २१-२२ मिलिमीटरपर्यंत नॉर्मल धरतात, कृष्णवर्णीय पुरुषांत २४ च्या पुढेही नॉर्मल असू शकतं, पूर्व आशियाई लोकांत त्याहून बरंच कमी. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मात्र कोणालाच नॉर्मल नाही. पूर्व आशियाई डोळ्यांचा पुढचा कप्पा उथळ असण्याचं प्रमाण जास्त, अँगल, म्हणजे डोळ्यातलं पाणी वाहून जायची फट, अरुंद, आणि आपल्या भारतीयांनाही हे लागू होतं, म्हणून ड्रॉप्स टाकायच्या आधी व्हॅन हेरिक, म्हणजे स्लिट लॅम्पवरून अँगलचा अंदाज, बघा, शंका आली तर गोनिओस्कोपी, म्हणजे खास लेन्स लावून अँगल थेट बघणं. हे विसरलात तर त्या रात्री पेशंटचं प्रेशर चढून तो कळवळत परत येऊ शकतो.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. हे सगळं शिकलं की एक सवय लागते, समोरच्याचा चेहरा बघून मनात खाना ठरवायची. ती लागू देऊ नका. "एशियन" हा शब्दच घ्या, ब्रिटनमध्ये एशियन म्हटलं की लोकांना भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दिसतात, अमेरिकेत चिनी, कोरियन. पेपर वाचताना एशियन म्हणजे कोण हे न बघता आकडा उचललात तर चुकलात. आणि भारतीय तरी एक कुठे आहेत. नागपूरच्या खेड्यातले भारतीय ५१४ मायक्रॉन आणि सिंगापूरमधले भारतीय, जे बहुतेक तमिळ मुळाचे आहेत, त्यांच्या अभ्यासात ५४० च्या आसपास. यंत्र वेगळं, वय वेगळं, राहणं-खाणं वेगळं, हे सगळं त्यात आलं, पण हा फरक त्या अमेरिकन अभ्यासातल्या काळ्या आणि इतर लोकांच्या फरकाएवढाच आहे.

मायनस नंबरचं तर अजून ठळक. चिनी मुलांना मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, जास्त, त्यांच्या रक्तातच आहे, असं सर्रास बोलतात. २००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूरमधल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्याच मुलांची तुलना छापून आली. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना मायोपिया, सिडनीत ३.३ टक्के. आईवडिलांपैकी किमान एकाला मायोपिया असण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सत्तरच्या आसपास. मोठा फरक कशात होता, तर सिडनीतली मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर उजेडात असायची आणि सिंगापूरची तीन तास. वंश तोच, डोळे मात्र वेगळे वाढले. माझ्या भावाचा मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये वाढतोय, शाळा, क्लास, मोबाईल, मी दर फोनला भावाला एकच विचारते, आज खाली खेळायला गेला का. त्याला कंटाळा येतो माझा, तरी विचारते.

परदेशात जायचं नसेल त्यांनाही हे लागू आहे. पुण्या-मुंबईत लेसिकच्या, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनच्या, तपासणीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचा कॉर्निया ५०० च्या खाली निघाला की लगेच "केराटोकोनस असेल" (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) म्हणून घाबरवू नका आणि "इंडियन आहे, पातळच असतो" म्हणून सोडूनही देऊ नका, टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, काढा. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांत केराटोकोनस गोऱ्यांच्या ४.४ पट निघाला होता, म्हणजे पातळ असणं आपल्यात साधं आहे आणि हा आजारही आपल्यात जास्त आहे, दोन्ही खरं आहे.

मास्टर्सला डिझर्टेशन शोधत असाल तर याच विषयात हात घाला. मेळघाटातले, कोकणातले, मराठवाड्यातले निरोगी डोळे नीट मोजून ठेवलेत असं फार थोडं काम आहे. मोठं यंत्र लागत नाही, पॅकीमीटर, केराटोमीटर (कॉर्नियाची वक्रता मोजायला), ए-स्कॅन (डोळ्याची लांबी मोजायला), उंची मोजायची पट्टी आणि धीर लागतो. फॉर्मवर जात-धर्माच्या रकान्याऐवजी गाव, उंची, वय, बाहेर किती वेळ असता, शाळा किती शिकलात हे विचारा, ते जास्त कामाला येतं.

आणि आत्ताच, इंटर्नशिपपासून, एक वही ठेवा. रोज जे डोळे निरोगी निघाले त्यांचीच मापं लिहायची, पेशंटचं नाव नको, फक्त वय, गाव, कॉर्निया, डिस्कची उंची, ड्रॉप्सनंतर बाहुली किती वेळात उघडली. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ती आजी आहे, उजवा ५०८, डावा ५११, आणि पुढे मी तेव्हा लाल पेनाने काढलेलं प्रश्नचिन्ह. ते मी खोडलेलं नाही.